टपावरचा शेंदूर

शेंदूर मी लावला होता.

एवढंच वाक्य आहे, आणि ते मी आजवर कुणासमोर उच्चारलेलं नाही. बायकोसमोर नाही, मुलांसमोर नाही. देवासमोरही नाही, त्याला ते ठाऊकच असणार, मुद्दाम कशाला सांगा, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. कागदावर तर आज पहिल्यांदाच उतरतंय. शेंदूर कशाला लावला आणि त्यानं कुणाचं काय गेलं, हे सांगायचं तर गाडीपासून सुरुवात करायला हवी.

घोडेगावात एस.टी. स्टँडच्या अलीकडे माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, पुढे अंगण आणि अंगणात एक लिंब. बॅटऱ्या चार्ज करायच्या, अल्टरनेटर उघडायचे, हॉर्न, लाइट, वायपर बघायचे. जीपवाले, ट्रॅक्टरवाले, टेम्पोवाले सगळे मला मिस्त्री म्हणायचे. मी मूळचा जुन्नर तालुक्यातला, खोडदच्या बाजूचा. घरची शेती भावाकडे ठेवून हातात पकड घेतलेला. कामात बरा होतो. बरा होतो हे खरंच आहे, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. पुण्यातल्या एका संस्थेनं आमच्या डोंगराकडच्या वाड्यांसाठी दवाखान्याची गाडी आणली. मिनीबसच होती, पण आतल्या सीटा काढून तिचं घर केलेलं. एका बाजूला झोपायची फळी, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, हात धुवायचं भांडं. दुसऱ्या बाजूला डॉक्टरांचं टेबल. मागच्या कोपऱ्यात गुडघ्याएवढा फ्रीज. त्या फ्रीजमध्ये लहान पोरांचे लशीचे डोस असायचे. बाकी गाडीत काहीही बिघडलं तर चालणार होतं, तो फ्रीज तेवढा बंद पडून चालणार नव्हतं.

मंगळवारी सकाळी गाडी तळेघरला चढायची आणि गुरुवारी संध्याकाळी उतरायची. डॉक्टर मॅडम वर शाळेतल्या बाईंकडे मुक्काम करायच्या. गाडीत राहायचा ड्रायव्हर. तो तळेघरच्या पलीकडच्याच एका वाडीतला, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. भात आणि नाचणीची थोडी खाचरं, बाकी आयुष्य दुसऱ्यांचे ट्रक चालवण्यात गेलेलं. ही नोकरी लागली तेव्हा त्याच्या वाडीत पेढे वाटले होते म्हणे. आपल्या माणसाच्या हातात दवाखाना आला, असं लोक बोलायचे.

तळेघरला वीज होती म्हणायला. आली तर आली. म्हणून गाडीत बॅटऱ्या दोन होत्या. एक इंजिन सुरू करायची, दुसरी फ्रीजची. गाडी चालू असली की अल्टरनेटर दोघींना भरायचा. गाडी उभी असली की दुसरीला भरायला टपावर एक काच होती, सोलरची.

ती काच मी बसवली. पुण्याहून खोक्यातून आली, सोबत इंग्रजीतला कागद. मॅडमनी मला तो वाचून समजावला. दुपारी मी ती अंगणात खाटेवर ठेवली आणि तिच्या दोन वायरींना टेस्ट लॅम्प लावला. लॅम्प लागला.

आता हे वाचून कुणाला काही वाटायचं नाही. आज घराघरावर काचा आहेत. पण मी तोवर जेवढी वीज बघितली होती, ती सगळी काहीतरी फिरल्यावर किंवा काहीतरी झिजल्यावर झालेली. पट्टा फिरतो, कार्बन घासतो, आवाज होतो, वास येतो, मग करंट. इथे काहीच हललं नाही. लिंबाचं पान हललं नाही. नुसतं ऊन पडलं होतं आणि दिवा लागला होता. मी काचेवर टॉवेल टाकला. दिवा गेला. टॉवेल काढला, दिवा आला. असं मी किती वेळा केलं ते सांगायला लाज वाटते.

ड्रायव्हर शेजारी बिडी ओढत उभा होता. म्हणाला, "मिस्त्री, आता पुरं. सूर्याला दम लागंल."

मी म्हटलं, "राव, हे बघा तरी. याच्यात काही नाही. तेल नाही, पाणी नाही."

"आमच्याकडं आसंच आस्तं की," तो म्हणाला. "भात उनावर व्हतो. त्याला कुठं वायर लावतो आमी?"

मी हसलो. पण त्या काचेकडे बघताना माझं मन लहानपणी देवळात जसं व्हायचं तसं झालं होतं. चार ओळी, ओळीत नऊ घरं. प्रत्येक घर साधारण तळहाताएवढं, गडद निळं, आणि आत चांदीसारख्या बारीक रेघा. मी ती टपावर चढवली, बोल्ट आवळले आणि खाली उतरून ड्रायव्हरला सांगितलं, "हिला हात लावायचा नाही. वर चढायचंच नाही. उन्हात कायम करंट असतो तिच्यात."

"धूळ बसंल की वो. पुसायची न्हाई?"

"पावसानं धुतली जाईल. तुम्ही हात लावू नका."

करंट होता हे खरं, पण काच पुसणाऱ्याला धक्का बसेल असा नव्हता. मला ते ठाऊक होतं. तरी सांगितलं. ती काच माझी आहे, असं मला वाटायला लागलं होतं. मागची शिडीही मी काढून ठेवली, गंजली होती म्हणून.

त्या उन्हाळ्यात गाडी उत्तम चालली. मधे एकदा मी आणि ड्रायव्हर नारायणगावला बॅटरीच्या वायरी आणायला गेलो. येताना मी त्याला वाट वाकडी करून खोडदला नेलं. शेताशेजारी उभ्या असलेल्या, रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठमोठ्या तबकड्या त्यानं जवळून बघितल्या नव्हत्या. गाडी बंद करून आम्ही बांधावर बसलो. समोर कांद्यात बाया खुरपत होत्या, आणि त्यांच्या पाठीमागे आभाळाला तोंड करून ती भली मोठी जाळीची कढई. तेवढ्यात ती फिरायला लागली. इतकी हळू, की फिरते आहे हे आधी पोटात कळतं, मग डोळ्यांना. बायांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"काय करती ही?" त्यानं विचारलं.

"ऐकते. ताऱ्यांकडून येणारं."

त्यानं बिडी पेटवली. मग म्हणाला, "आन् तारं काय बोलत्यात?"

"ते मला कुठं कळतं?"

"मंग तुमी बी माझ्यावानीच की राव." आणि मांडीवर थाप मारून हसला. पण उठताना त्यानं त्या कढईला हात जोडले. मीही जोडले. आम्ही दोघं त्या बाबतीत सारखेच होतो. जे कळत नाही त्याला हात जोडायचे. पुढे मी जे केलं ते याच सवयीनं.

पावसाळ्यात गाडी वर मुक्कामाला जायची नाही, त्याच दिवशी परतायची. गणपतीनंतर ऊन पडलं आणि मुक्काम पुन्हा सुरू झाले. दोन-तीन आठवडे सगळं सुरळीत होतं. मग दसरा आला. ड्रायव्हर गाडी माझ्या अंगणात लावून सणाला वाडीवर गेला.

खंडेनवमीला आमच्या धंद्यात हत्यारांची पूजा. पकडी, पाने, मीटर, चार्जर, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडू घालायचा. अंगणात उभ्या असलेल्या गाड्यांचीही पूजा व्हायची. बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, नारळ. दवाखान्याच्या गाडीचीही तशी झाली. मग माझं लक्ष टपाकडे गेलं. म्हटलं, जी खरी पूजेची वस्तू, तीच राहिली.

शिडी लावून मी वर चढलो. कुंकू वाऱ्यानं उडेल, म्हणून सोबत शेंदूर आणि तेल घेतलं. दुकानाशेजारच्या मारुतीच्या दगडाला मीच शेंदूर लावायचो, त्याचा डबा घरात असायचा. आता शेंदराचं असं आहे की त्याचा ठिपका देऊन भागत नाही. ज्याला लावायचा त्याला माखायचा. मी पहिल्या ओळीतलं पहिलं घर निवडलं, वहीच्या पहिल्या पानावर वर श्री लिहितात तसं. ते घर तेलातल्या शेंदरानं चांगलं जाड लिंपलं. त्यावर हळदीनं स्वस्तिक काढलं. चार ठिपके दिले. हात जोडले. वरून आमचं घोडेगाव, पलीकडचे डोंगर आणि दुपारचं ऊन. मला आठवतं, माझे डोळे भरून आले होते. छत्तीस घरांतलं एकच घर लाल. देखणं दिसत होतं ते.

दसऱ्यानंतर दुसऱ्या आठवड्यात तळेघरहून निरोप आला, फ्रीजची बॅटरी उतरते आहे. गाडी खाली आली तेव्हा मी तपासली. उतरली होती खरी. चार्ज करून दिली. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. मंगळवारी भरलेली, बुधवारी दुपारी फ्रीज कुरकुरायचा, गुरुवारी बंद.

मी शोधायला बसलो. सगळं रीतसर केलं, यात मी स्वतःला दोष देत नाही. बॅटरीची टर्मिनलं घासली. प्रत्येक खान्यातलं पाणी बघितलं, नळीनं ते ओढून त्याचं वजन बघितलं. सगळे खाने सारखे. अल्टरनेटरचा पट्टा दाबून बघितला. इंजिन चालू करून व्होल्ट घेतले, चौदाच्या आसपास, जसे हवेत तसे. दोन बॅटऱ्यांमधला रिले टकटक करून लागत होता. अर्थची वायर सोडून चासीचा रंग खरवडून पुन्हा आवळली. शेवटी खालच्या पेटीत काचेच्या वायरी सोडून मीटर लावला. भर दुपार होती. मीटरनं एकोणीस व्होल्ट दाखवले.

एकोणीस. मी खूश झालो. सूर्याचं घर बरोबर आहे.

आज एखादा शिकाऊ माणूससुद्धा सांगेल की नुसते व्होल्ट बघून काचेचं काही कळत नाही. भार लावून अँपिअर बघावे लागतात. काच झाकलेली असली तरी वायर मोकळी आहे तोवर व्होल्ट ऐटीत दिसतात. काम सांगितलं की मग मान टाकतात. मला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. आणि वर चढून एकदा बघावं हे मनातही आलं नाही. ती जागा माझ्या लेखी तपासायची नव्हती, पूजेची होती.

मग राहिलं काय? गाडी चालते त्या दिवशी बॅटरी ठीक, उभी राहते त्या दिवसांत उतरते. उभ्या गाडीत कोण असतो? ड्रायव्हर. आणि गाडीत एक छोटा टीव्हीसुद्धा होता, आयांना आरोग्याच्या कॅसेटी दाखवायला. त्या दिवसांत क्रिकेट चालू होतं.

मी त्याला विचारलं, "टीव्ही लावता का वर?"

"न्हाई."

"खरं सांगा. लावला तरी काही नाही, मला फक्त हिशोब लागला पाहिजे."

"मिस्त्री, न्हाई म्हन्लं ना. एक बल्ब जेवताना. त्यो बी आता बंद क्येला. चिमणी लावतो." मग थांबून म्हणाला, "वर चढून काच पुसू का एकदा? मला वाटतं तिच्यावर कायतरी बसलंय."

"काच बरोबर आहे," मी म्हटलं. "एकोणीस व्होल्ट आहेत. तुम्ही चढू नका."

त्याच्या पुढच्या मंगळवारी तो त्याच्या वाडीत सांगून आला होता: बुधवारी सगळ्या पोरांना डोस आहेत, एकही बाई घरी राहता कामा नये. आणि आल्या. दोन टेकड्या ओलांडून, लेकरं पाठीशी बांधून, भाताची कापणी तोंडावर असताना. मॅडमनी फ्रीज उघडला, आतला थर्मामीटर बघितला, आणि सगळे डोस बाहेर काढून टाकून दिले. त्यांचं बरोबरच होतं. नासका डोस देण्यापेक्षा न दिलेला बरा. पण आयांना परत पाठवावं लागलं, आणि त्यांच्यासमोर उभा होता त्यांच्याच वाडीतला माणूस.

गुरुवारी गाडी माझ्या अंगणात आली. मॅडम खाली उतरल्या. त्या रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या.

"मिस्त्री, मला एकच सांगा," त्या म्हणाल्या. "दोष कशात आहे? मला पुण्याला कळवायचंय."

ड्रायव्हर दोन हात अंतरावर उभा होता, टोपी काढून. तो माझ्याकडे बघत होता. मला वाटतं, त्याला माझा भरवसा होता.

मी म्हणालो, "यंत्र सगळं बरोबर आहे, मॅडम. माणूस बघा."

दोनच शब्द होते शेवटचे. ते बोलताना मी खोटं बोलतो आहे असं मला वाटलं नव्हतं, हे मी लिहून ठेवतो, कारण ते खरं आहे. पण मला नक्की ठाऊक नव्हतं, हेही तितकंच खरं आहे. "मला सापडत नाही" असं म्हणता आलं असतं. ते म्हणायला जीभ वळली नाही.

ड्रायव्हरनं टोपी घातली. म्हणाला, "मॅडम, मी लावला न्हाई टीव्ही." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "बरं हाय, मिस्त्री." आणि स्टँडकडे चालत गेला. त्या आठवड्यातच संस्थेनं त्याला काढलं.

नवा ड्रायव्हर पुण्याहून येईपर्यंत गाडी माझ्या अंगणात होती. टपावर काहीतरी खडखडतं, ते बघून ठेवा, असं मॅडम जाताना सांगून गेल्या होत्या. दोन दिवसांनी मी शिडी लावून चढलो. काचेचा एक बोल्ट ढिला झाला होता. तो आवळताना माझं लक्ष त्या पहिल्या घराकडे गेलं.

शेंदूर होता तसा होता. उलट तेलावर रस्त्याची धूळ बसून त्याचा जाड काळपट थर झाला होता. हळदीचं स्वस्तिक दिसत नव्हतं. बाकी पस्तीस घरं लखलखत होती. मी त्या घराकडे बघत राहिलो. अजून मला काही कळलं नव्हतं, फक्त शंका आली होती.

मी खाली उतरून अँपिअरचा मीटर आणला. वायर त्यातून काढून बॅटरीला जोडली आणि लांब वायरीनं मीटर टपावर घेतला. काटा जागचा हलला नाही. दुपारचे बारा, आभाळात ढग नाही, आणि काटा शून्यावर. मी रॉकेलचा बोळा घेऊन ते घर पुसायला लागलो. थर निघत गेला तसा काटा उठला. आधी थोडा, मग अर्धा, आणि काच स्वच्छ झाली तेव्हा सरळ वर जाऊन थरथरत उभा राहिला.

मी माझा तळहात त्या घरावर ठेवला. काटा खाली पडला. तळहात उचलला, काटा वर. दुसऱ्या घरावर ठेवला. तेच. तिसऱ्या, दहाव्या. कुठलंही एक घर झाका, छत्तीसच्या छत्तीस उपाशी. ती एकमेकांच्या हातात हात देऊन उभी होती. एकानं हात सोडला की सगळ्यांचा सुटत होता. कोट्यवधी कोसांवरून येणारं ऊन माझ्या एका तळहातानं अडत होतं. मी घाबरलो होतो, आणि तरी, हे कबूल करायला हवं, थक्क होऊन पुन्हा पुन्हा हात ठेवत होतो. इतकी सुंदर गोष्ट मी आयुष्यात बघितली नव्हती, आणि ती मला त्या घडीला बघायला मिळत होती.

मग मी काच पूर्ण पुसली, बोल्ट आवळून खाली आलो आणि रॉकेलचा बोळा शेगडीत टाकला.

संध्याकाळी मॅडम आल्या. "काय होतं वर?"

"बोल्ट सैल होता," मी म्हटलं.

नव्या ड्रायव्हरनं गाडी वर नेली. बॅटरी तीन दिवस टिकली. पुढच्या आठवड्यातही टिकली. मॅडम म्हणाल्या, "बघा मिस्त्री, तुम्ही म्हणालात तेच खरं. माणूस बदलला आणि गाडी सुधारली." मी मान हलवली. त्या मान हलवण्यानं जे झालं ते माझ्या आधीच्या वाक्यानंही झालं नव्हतं. तोवर तो संशयित होता. आता त्याच्यावर शिक्का बसला.

मॅडम पुढे बदलून गेल्या. गाडीही काही वर्षांनी बंद पडली. माझा धंदा मात्र बदलला. काचांचं काम येणारा आमच्या भागात मी पहिला. दोन हजार साल उलटल्यावर वाड्यांवर सोलरचे दिवे यायला लागले, आणि बसवायला, दुरुस्त करायला मला बोलवायचे. लोक म्हणायचे, मिस्त्रीला काच बोलते. प्रत्येक काच बसवली की मी घरच्या माणसाला हात धरून वर नेतो आणि सांगतो: रोज पुसा, एक पान पडलं तरी उचला, हात लावायला घाबरू नका. हे सांगताना माझा आवाज बदलतो, असं एकदा बायको म्हणाली. मी म्हटलं, धुळीनं.

एकदा त्याच्याच वाडीवरून बोलावणं आलं. दोन दिवे बिघडले होते. तळेघरपर्यंत एस.टी. आणि पुढे पायी. वाटेत मी ठरवलं होतं की आज सांगायचं. काम संपवून निघालो तर वाडीच्या टोकाच्या घरातून हाक आली.

"आवं मिस्त्री. चा घेऊन जावा."

तोच. केस पिकलेले, पाठ थोडी वाकलेली. अंगणात नाचणी वाळत घातलेली. घराच्या कौलांवर त्याचीही एक छोटी काच होती, आणि कौलांना शिडी टेकवलेली होती. काच इतकी स्वच्छ की तिच्यात आभाळ दिसत होतं.

"कशी आहे काच?" मी विचारलं.

"लई ग्वाड. रोज उठून पैलं तिला पुसतो, मंग चा." त्यानं कोऱ्या चहाचा पेला माझ्यासमोर ठेवला. "एकदा काय झालं, उंबराचं पान पडलं व्हतं. एकच. ओलं व्हतं, चिकटून बसलं. दिवा लागंना. मी म्हन्लं, येवढ्या पानानं काय व्हतंय? काढलं, तर दुसऱ्या दिशी लागला. मंग मी मुद्दाम पान ठिवून बघितलं. हितं ठिवलं, तितं ठिवलं. एक घर झाकलं का समदी उपाशी." त्यानं माझ्याकडे बघितलं. "तुमाला तर ठावंच आसंल."

"हो," मी म्हटलं.

मीटर नाही, कागद नाही. एका पानानं त्यानं ते शोधून काढलं होतं, जे मी मीटर हातात असून पापानंतर शिकलो. मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्या दिवशी अंगणात दिवा लागला होता तेव्हा मी काचेकडे जसा बघत होतो, तसा.

तेवढ्यात डोक्यावर हंडा घेतलेली एक म्हातारी कुंपणापाशी थांबली. "का रं डोसनाश्या, पावणं आल्यात व्हय? त्यांना चा तरी ताजा दे. का त्यो बी नासवला?"

तो हसला. "ताजा हाय म्हातारे, तू बी ये."

"नगं बाई. माजी नातवंडं जगवायची हायेत मला." आणि तीही हसत निघून गेली.

तिच्या बोलण्यात वैर नव्हतं. म्हणूनच ते ऐकवेना. इतक्या वर्षांत ते नाव त्याला अंगच्या कातडीसारखं बसलं होतं. तो म्हणाला, "मनावर घेऊ नगा. हिची नात त्या दिशी परत गेलती. आता पोरं बी तेच नाव घेत्यात. त्यांना ठावं बी न्हाई कशावरनं."

बोलायची वेळ ती होती. पेला माझ्या हातात होता, म्हातारी हाकेच्या अंतरावर होती. मी पेला खाली ठेवला आणि म्हणालो, "तुमच्या वायरीचा एक स्क्रू ढिला दिसतो, आवळून देतो." शिडीवरून कौलांवर चढलो. स्क्रू ढिला नव्हता. तरी मी तो आवळला. खाली आलो तेव्हा त्यानं माझ्या पिशवीत नाचणी घातली होती. मी ती घेतली आणि निघालो.

घरी त्या नाचणीची भाकरी केली. बायको म्हणाली, कुठली आहे, गोड आहे. मी सांगितलं, एका ओळखीच्यानं दिली.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात स्टँडवर वाडीचा एक माणूस भेटला. ड्रायव्हर अजून आहे म्हणाला, कानांनी कमी ऐकतो, पण रोज शिडी चढतो. आणि बोलताना त्याचा उल्लेख त्याच नावानं केला, सहज.

त्याच्या कानात सांगून हे फिटणार नाही, मी त्यावर विचार केला आहे. नाव सगळ्या वाडीनं ठेवलं, तेव्हा सांगायचंही सगळ्या वाडीसमोर. त्या आया आता आज्या झाल्या असतील, त्यांच्यासमोर, तो तिथे बसलेला असताना, मोठ्यानं, त्याला ऐकू जाईल असं: डोस यानं नासवले नाहीत, काचेवर शेंदूर मी लावला होता, मला नंतर कळलं आणि मी गप्प बसलो. हे मी अजून केलेलं नाही. ते माझ्याकडे बाकी आहे.